बसणारी कोंबडी

भागीकाकू माझं सांत्वन करायला कधीच आली नाही. हे गेले, तेरावं झालं, पाहुणे आपापल्या गाड्यांनी पांगले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती कुंपणाच्या फटीतून सरळ मागच्या अंगणात शिरली. माझ्याकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. ह्यांनी आजारी पडायच्या आधी तिथे खुराडं बांधून ठेवलं होतं. जाळी लावलेलं, वर पत्रा, आत चढायला छोटी शिडीसुद्धा. काकू वाकून आत डोकावली, पत्र्यावर हात आपटून पाहिला आणि म्हणाली, "खुराडा रिकामा ठेवू नये गो सूनबाय. साप राहातो."

एवढं बोलून ती निघून गेली.

मला त्या दिवसांत काहीच वाटत नव्हतं. रडू यायला हवं होतं, ते येत नव्हतं. माणसं यायची, डोळे पुसायची, माझ्या तोंडाकडे बघायची, आणि मी त्यांना चहा करून द्यायची. साखर किती, एवढंच विचारायची. भागीकाकूसमोर मात्र मला दुःखी दिसायची गरज नव्हती, कारण तिचं सगळं लक्ष खुराड्याकडे. म्हणून ती आलेली मला बरं वाटायचं. बरं म्हणजे, त्रास व्हायचा नाही.

काकू गावाच्या नात्यानं. टोकावड्याच्या अलीकडे, माळशेजच्या रस्त्यापासून थोडं आत आमचं गाव. ह्यांचं बालपण इथलं, नोकरी कल्याणला, आणि निवृत्तीनंतर हट्टानं बांधलेल्या दोन खोल्या काकूच्या घराला लागून. काकू कधीचीच विधवा. मुलगा भिवंडीला गोदामात कामाला, बिऱ्हाड तिकडेच. ती ठेंगणी, रुंद, चालताना दोन्ही बाजूंना झुलणारी, आणि आवाज असा की रस्त्यावरच्या ढाब्यात बसलेल्या ड्रायव्हरांना तिच्या घरातली भानगड कळायची. वय विचारलं की "म्हातारी झाले की सांगन" म्हणायची. कुठलाही पक्षी पारखायचा असला की ती डावा डोळा मिटायची. माणूस पारखायचा असला तरी डावाच डोळा मिटायची, त्यामुळे गावात नवी आलेली सून तिच्यासमोर उभी राहायला घाबरायची. मीही घाबरले होते, पण ती जुनी गोष्ट.

तिच्या कोंबड्यांना गावात शेंडीवाल्या म्हणत. अंगानं लहान, मातकट रंगाच्या, पाय सडपातळ आणि करडे, आणि डोक्यावर उभा पिसांचा झुपका. अंडीही लहानच. शहरातल्या माणसानं हातात घेतलं तर विचारलं असतं, हे कबुतराचं आहे का. या कोंबड्या तिच्या आईच्या. लग्न होऊन आली तेव्हा बांबूच्या डालग्यात घालून तिनं त्या माहेराहून आणल्या, तिकडे डोळखांबच्या बाजूच्या एका पाड्यावरून. "सोनं नाय दिलं आईनं, कोंब्या दिल्या," असं ती सांगायची, आणि हे सांगताना तिला सोन्याबद्दल वाईट वाटलेलं मी कधी पाहिलं नाही.

त्या कोंबड्यांना तिनं सासरच्या आणि सोयरिकीतल्या माणसांची नावं ठेवली होती. नणंद, मोठी जाऊ, व्याहीण. जे तोंडावर बोलता येत नाही ते कोंबडीला बोलता येतं, हा सरळ हिशेब. "व्याहीण, मेले, परत तांदलात तोंड घातलंस?" असा आवाज आला की आम्ही समजायचो, सगळं ठीक आहे. एकदा तिची खरी नणंद ओट्यावर बसलेली असताना काकू मागच्या दारी कुणाला तरी सांगत होती, "नणंद जाम माजलीय, रविवारी कापून टाकते तिला." नणंद रविवारपर्यंत थांबायला आली होती, ती दुपारच्याच एसटीनं गेली. काकूनं ते फार मनाला लावून घेतलं नाही. रविवारी कोंबडी मात्र कापली नाही, कारण ती अंड्यावर बसली होती.

हे बसणं म्हणजे काकूच्या लेखी कोंबडीचं सगळं काही. कोंबडी खुडूक झाली, अंगाची पिसं फुगवून अंड्यांवर ठाण मांडून बसली, जवळ येणाऱ्यावर गुरगुरायला लागली, की काकू तिच्याशी अदबीनं बोलायची. आवाज खाली यायचा. तिला पाणी नेऊन ठेवायची, दाणा तोंडाशी न्यायची. बाकी कोंबड्यांना शिव्या आणि हिला अहो-जाहो.

तर खुराडं भरायचं ठरलं. मी ठरवलं असं नाही, ते ठरत गेलं. ह्यांची आवड मला पाठ होती. आजारपणात पडल्या पडल्या ते मोबाइलवर कोंबड्यांचे व्हिडिओ बघायचे आणि मला ऐकवायचे. कडकनाथ घ्यायची, अंड्यांसाठी आरआयआर जातीची तांबडी घ्यायची, आणि थोडे गिरीराज. मी हे काकूला सांगितलं आणि आम्ही मुरबाडच्या बाजाराला गेलो.

तिथे एक माणूस टेम्पोच्या मागे पुठ्ठ्याची खोकी मांडून बसला होता. एका खोक्यात गुलाबी, हिरवी, जांभळी रंगवलेली पिल्लं. काकूनं त्यांच्याकडे पाहिलं आणि त्याला विचारलं, "यांची होली झाली वाटतं?" तो हसला. तिथून पुढे तो हसला नाही, कारण तिनं त्याची सगळी खोकी उघडायला लावली. कडकनाथ हातात घेऊन चोच उघडून बघितली, पंखाखाली बघितलं. "जीभ काली, मांस कालं, हाडं काली. शिजलंय का करपलंय ते कललं पायजे ना माणसाला." गिरीराजला तिनं एकदाच उचललं आणि खाली ठेवलं. "हा वजनदार हाय. मुंगूस आला की हा पलायचा नाय, तिथंच उभा राहून इच्यार करंल." तांबडीबद्दल तो माणूस म्हणाला, "मावशी, ही वर्षभर अंडी देते. थांबतच नाही."

"बसते?"

"बसत नाही, म्हणून तर थांबत नाही."

"मंग तिची पोरं कोण काढनार? तू?"

मी गिरीराज तेवढे सोडले, पण कडकनाथ आणि तांबड्या घेतल्या. ह्यांनी सांगितलेलं करायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. काकू परतीच्या गाडीत माझ्याशी बोलली नाही. घरी आल्यावर मात्र अंधार पडायच्या आत एक शेंडीवाली काखेत धरून आली आणि तिनं ती माझ्या खुराड्यात सोडली.

"वाट्यानं देते," ती म्हणाली.

आमच्याकडे कोंबडी कुणी फुकट देत नाही, आणि आपल्या माणसाला विकतही नाही. वाट्यानं देतात. कोंबडी देणारीचीच राहते. पिल्लं निघाली, हाताशी आली, की अर्धी तिची, अर्धी सांभाळणारीची. यात दिलदारपणा कमी आणि शहाणपणा जास्त. उन्हाळ्यात मर येते, एखादीचं अंगण दोन दिवसांत साफ होतं, तेव्हा दुसरीच्या अंगणात बीज शिल्लक असतं. काकू बीज हाच शब्द वापरायची, भाताला वापरते तसा.

माझ्या तांबड्या अंडी घालायच्या, ओरडून गाव गोळा करायच्या आणि उठून चालू पडायच्या. कडकनाथ तर अंडं घालून विसरून जायच्या, मागच्या केळीखाली, लाकडांच्या ढिगात, कुठेही. शेवटी काकूनं ती सगळी अंडी गोळा करून शेंडीवालीखाली ठेवली, आणि तिनं ती आपलीच समजून उबवली. मातकट आईच्या मागे काळी-तांबडी पिल्लं फिरायला लागली. वर घार दिसली की ही एक बारीक आवाज काढायची आणि सगळी पिल्लं तिच्या पोटाखाली दिसेनाशी व्हायची. मी ते बघत बसायची. सकाळी उठायला काहीतरी कारण हवं असतं, ते मला झालं. आनंद वगैरे नव्हता, उगाच कशाला सांगू. खुराडं उघडायला लागायचं म्हणून उठायची.

पिल्लं मोठी झाली. काकूनं वाटा मागितला नाही. मी दोनदा आठवण केली, तर म्हणाली, "राहू दे गो, तुझं दुखाचं वरीस हाय." वाट्याच्या बाबतीत काकू किती कडक, हे गावाला माहीत होतं. मला नवल वाटलं, पण मी विचारलं नाही.

पुढच्या वर्षी गावातल्या बचत गटाला योजनेतून सुधारित जातीची पिल्लं मिळाली. काकूनं नाकं मुरडली आणि आपल्या वाटणीची घेतली. ती पिल्लं बघता बघता वाढली. कोंबडे तर असे झाले की कुत्री त्यांना वाट द्यायची. लालभडक तुरे, जाड पिवळे पाय, चालण्यात पोलीस पाटलाचा रुबाब. बायका एकमेकींचे कोंबडे बघायला जायच्या.

आमच्या गावात भात झोडून झालं की शिवेवरच्या देवाला घरटी एक कोंबडा देतात. त्या वर्षी प्रश्न उभा राहिला. एवढा मोठा कोंबडा दारात असताना देवाला लहान का द्यायचा? गटातल्या बायका काकूकडे आल्या, कारण देवाच्या बाबतीत काकूचा शब्द शेवटचा. मी तिथे होते. काकूनं अंगणातल्या त्या धिप्पाड कोंबड्याकडे डावा डोळा मिटून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग तिनं निकाल दिला.

"नाय. देवाला सरकारी कोंबडा चालत नाय. याला आई नाय, बाप नाय. मशीनमदी निघालेला. देव इचारंल, हा कोनाचा? काय सांगशीला?"

देवाला आपलाच द्यायचा, घरच्या कोंबडीच्या पोटचा, असं ठरलं. नुसत्या आमच्या गावात नाही. काकूचा शब्द आसपासच्या पाड्यांवरही जायचा, आणि तिकडेही तेच ठरलं. त्या वर्षी सगळ्यांनी आपले गावठी कोंबडे दिले. पुढच्या वर्षीही दिले. त्याच्या पुढच्या वर्षीही. मीही दिला, शेंडीवालीच्या पोटचा, डोक्यावर झुपका असलेला. सरकारी कोंबडे मात्र दारात राहिले. देवाला चालत नाहीत आणि कापायला जीव होत नाही, म्हणून ते गावभर फिरत राहिले आणि गावातल्या सगळ्या कोंबड्यांचे दादले झाले.

हे कुणाच्याही लक्षात आलं नाही. काकूच्याही आलं नाही, आणि तिला तर एका पिसावरून कोंबडीची आजी सांगता यायची. पिल्लं थोराड निघायला लागली, त्याचं उलट तिला कौतुकच. झुपके आधी लहान झाले, मग गेले. पाय पिवळे झाले. जुन्या शेंडीवाल्या एकेक करून संपल्या. एक मुंगसानं नेली, काही उन्हाळ्याच्या मरीत गेल्या, माझी म्हातारी होऊन खुराड्यातच निजली ती उठली नाही. आणि मग एका पावसाळ्यात काकूच्या अंगणात एकही कोंबडी खुडूक झाली नाही.

अंडी होती, भरपूर होती. बसणारं कुणी नव्हतं. काकूनं एकीला अंड्यांवर बसवून वर डालगं उपडं घातलं आणि त्यावर दगड ठेवला. सकाळी डालगं उचललं तर अंडी एका बाजूला आणि कोंबडी दुसऱ्या बाजूला, पाठ करून उभी. दुसरीला बसवलं. तिसरीला. प्रत्येकीला आधी गोडीत सांगितलं, मग शिव्या दिल्या. अंडी कुजली. तिनं ती खड्ड्यात पुरली आणि हात धुऊन ओट्यावर येऊन बसली.

मग ती कोंबडा शोधायला निघाली. झुपक्याचा, करड्या पायांचा, कुणाकडे तरी एक तरी असेल म्हणून. गावात घरोघर फिरली. पाड्यांवर जाऊन आली. सगळीकडे तिला आदरानं बसवलं, पाणी दिलं आणि एकच सांगितलं, "काकू, तुमी सांगितलात तसा देवाला दिला." एका म्हातारीनं तर अभिमानानं सांगितलं, "आमी एक वर्ष पन चुकवला नाय."

त्या संध्याकाळी ती माझ्या मागच्या अंगणात आली. खुराड्याला टेकून उभी राहिली.

"मीच गो," ती म्हणाली. "मीच सांगितलं ना सगल्यांना. आईचं बीज मीच देवाला घातलं."

मी म्हटलं, तुला काय माहीत होतं असं होईल. ती म्हणाली, "मला नाय म्हायत तर कोनाला म्हायत?"

मुलगा भिवंडीहून आला तेव्हा म्हणाला, अंडी उबवायचं मशीन मिळतं, तेच आणून देतो. काकूनं त्याचं शांतपणे ऐकून घेतलं. "मशीन पिल्लं काढंल रे. पन पिल्लांना घार दाखवंल कोन?" एवढंच म्हणाली. आवाजही चढवला नाही. मला धास्ती वाटली ती त्यानंच. नंतरच्या दिवसांत तिचा आवाज बंदच झाला. व्याहिणीला, जावेला दिलेल्या शिव्या ऐकू येईनात. ती सकाळी कोंबड्या सोडायची, दाणे टाकायची, संध्याकाळी कोंडायची. कुणी बोललं तर उत्तर द्यायची. तिचं ते बघून मला माझे ते दिवस ओळखू आले. मी तिच्याकडे जायची आणि तिच्याकडे न बघता कोंबड्यांकडे बघत बसायची. दुसरं काही मला येत नव्हतं, आणि हे तरी मी तिच्याकडूनच शिकले होते.

असंच बसलेलं असताना मी विचारलं, "काकू, तुझ्या माहेरी नसेल का एखादी?"

तिनं मुठीतले दाणे सगळे टाकले. मग म्हणाली, "गोदीकडं आसंल."

गोदी म्हणजे तिची धाकटी बहीण, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. इतक्या वर्षांत तिनं बहिणीचं नाव घेतलं नव्हतं. कोंबडीलासुद्धा दिलं नव्हतं.

"मग जाऊ की."

"मी नाय जायची."

पण गेली. भातलावणी आटोपल्यावर एका सकाळी ठेवणीतलं लुगडं नेसून, काखेत रिकामं डालगं घेऊन माझ्या दारात उभी. "चल," म्हणाली. मी पोळ्यांची कणीक तशीच झाकून ठेवली आणि निघाले.

सरळगावला उतरून आम्ही किन्हवलीची गाडी धरली. किन्हवलीच्या स्टँडवर डोळखांबच्या गाडीला वेळ होता. बाकड्यावर बसल्या बसल्या, समोर बघत, काकूनं सांगायला सुरुवात केली.

"आई गेल्यावर गोदीला मी कोंबडी दिलती. वाट्यानं. आईच्याच कोंब्या, पन मी मोठी, म्हणून माझ्या. त्या वर्षी तिचा नवरा गेला. झाडावरून पडला. मी बारावं करून आले. मंग पिल्लं मोठी झाली आसतील म्हणून वाटा आनायला गेले."

"त्याच वर्षी?"

"त्याच म्हैन्यात," ती म्हणाली. "वाटा तो वाटा, आसं वाटलं मला. तिनं दिला. एक जास्त नाय, एक कमी नाय. बसायला पाट दिला नाय, चा इचारला नाय. मी गाल फुगवून आले. चा इचारला नाय म्हणून मलाच राग."

गाडी आली म्हणून ती उठली. माझ्या दुःखाच्या वर्षात तिनं वाटा का सोडला होता, ते मला त्या बाकड्यावर कळलं. डालगं मी घेते म्हटलं, तर तिनं दिलं नाही.

डोळखांबहून पुढे जीपनं आणि मग पायी, चिखलातून. पाड्याच्या टोकाला गोदीमावशीचं घर. ती दारात सुपानं तांदूळ पाखडत होती. काकूच्या अगदी उलट, उंच, वाळलेली. तिनं आमच्याकडे पाहिलं आणि पाखडत राहिली. ये म्हणाली नाही. काकूही आले म्हणाली नाही. दोघींच्या मधे मी रिकामी उभी.

तेवढ्यात लाकडांच्या ढिगावर एक कोंबडा चढला. लहानखुरा, मातकट, पाय करडे, आणि डोक्यावर झुपका. काकूचा डावा डोळा मिटला.

"हा कोनाचा?" तिनं विचारलं.

"आईचा," गोदीमावशी म्हणाली.

काकू खालीच बसली, तिथेच, ओल्या अंगणात. डालगं कलंडलं.

"तुमच्याकडं सरकारी नाय आले?" थोड्या वेळानं तिनं विचारलं.

"आले तर. घरटी आले."

"मंग?"

"मंग काय? देवाला दिले."

काकूनं मान वर केली. "देवाला सरकारी कोंबडा दिलास तू?"

"देवाला काय, मोठा पायजे," गोदीमावशी सूप आपटत म्हणाली. "सरकारचा दिला, आपला ठेवला."

"आनि देवानं घेतला?"

"घेतला. पाऊस पडला की त्या वर्षी."

"पाऊस तर आमच्याकडं पन पडला."

"मंग झालं," गोदीमावशी म्हणाली.

काकू तिच्याकडे बघत राहिली. मला वाटलं ती आता भडकणार, देवाचं, आईचं, सगळं काढणार. तिचं तोंड उघडलंही. पण तिनं नुसतं कलंडलेलं डालगं सरळ करून ठेवलं. गोदीमावशीनं सूप खाली ठेवलं, उठली आणि पडवीच्या कोपऱ्याकडे गेली. "बगायची तर ये," म्हणाली.

कोपऱ्यात फुटक्या टोपलीत पेंढा घालून एक शेंडीवाली बसली होती. आम्ही जवळ गेलो तशी ती फुगली आणि घशातून गुरगुरली. काकू तिच्यासमोर उकिडवी बसली आणि तिनं हळूच हात कोंबडीच्या पोटाखाली सारला. कोंबडीनं मनगटावर चोच मारली. परत मारली, रक्त आलं. काकूनं हात काढला नाही. "नका उठू, नका उठू बाय, बसा," असं ती म्हणत राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि तिला ते पुसता येईना, कारण एक हात कोंबडीखाली आणि एक जमिनीवर टेकलेला. मला वाटलं, आता मलाही येईल. आलं नाही. पण येऊ शकतं, एवढं त्या दिवशी कळलं.

"आता हलवायची नाय," गोदीमावशी मागून म्हणाली. "कालच बसलीय. पिल्लं निघू दे, मंग ने."

"वाट्यानं?" काकूनं वळून न बघता विचारलं.

"वाट्याचं नाव काढू नको माझ्याम्होरं. आईच्या कोंब्या हायेत. ने."

काकूनं हात बाहेर काढला. रक्त पदराला पुसलं. "मंग मी थांबते," ती म्हणाली. "निघंपर्यंत."

"थांब. कोन नको म्हनतंय?"

काकू थांबली ती तिकडेच राहिली. पिल्लं निघाली ती तिनं पाहिली, त्यांच्यामागे पडवीभर फिरली, आणि पावसाळा संपता संपता तापाचं निमित्त होऊन तिथेच गेली. मुलगा आणि मी पोहोचलो तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. गोदीमावशीनं मला एवढंच सांगितलं की शेवटी शेवटी काकू तिच्यावरच ओरडत होती, देवाला सरकारी कोंबडा दिलास म्हणून, आणि मग स्वतःच हसत होती. तिचं ते ओरडणं मी ऐकलं नाही. मी तिला शेवटची पाहिली ती त्या दुपारी, निघताना.

मला परतीची जीप गाठायची होती. काकू पडवीत टोपलीजवळ पाय पसरून बसली होती. लुगडं चिखलानं भरलेलं, मनगटावर हळद. गोदीमावशी चुलीपाशी. मी येते म्हटलं. काकूचं लक्ष कोंबडीकडे होतं. तिनं नुसता हात हलवला.

"चा घेशील?" गोदीमावशीनं आतून विचारलं.

"घेन," काकू म्हणाली. "तवाचा राहिलाय तो पन दे."

गोदीमावशीनं चुलीवरच्या भांड्यात आणखी पाणी ओतलं.